कामावर नेणारी सायकल

एके काळीं पुणें हें सायकलींचें शहर म्हणून देशभर प्रसिद्ध होतें. सायकलीला लावावयाचा नगरपालिकेचा बिल्ला, अंधार पडल्यावर दिवा नसला तर शिट्टी वाजवून थांबविणारा पोलीस आणि 'डबल सीट'बद्दल भरावा लागणारा दंड, ह्या गोष्टी आतां आजोबांच्या तोंडून ऐकावयाच्या उरल्या आहेत. त्या पिढीला सायकल निवडण्याची विद्या कोणी मुद्दाम शिकवावी लागत नसे. घरांत, आळींत, कचेरींत ती आपोआप मिळे. मधल्या काळांत ती लोपली, आणि आज एखाद्या तरुणाला सायकलीनें कामावर जावेंसें वाटलें, म्हणजे तो थेट दुकानांत जाऊन रंग आणि गियरांची संख्या पाहूं लागतो. ती जुनी विद्या, नव्या यंत्रांना लागू पडेल अशा रीतीनें, आजच्या भाषणांत थोडी उजळून घ्यावी असा माझा विचार आहे.

उदाहरणासाठीं मीं शहर न घेतां शिरूर तालुक्यांतील निमोणे हें गांव घेतलें आहे. त्याला कारण आहे. शहरांत सायकल बिघडली तर ती रिक्षांत घालून घरीं आणतां येते, आणि चार वळणांवर कोठें तरी दुकान सांपडतेंच. त्यामुळें वाईट निवड पुष्कळ दिवस झांकून राहते. निमोण्याहून शिरूरला शाळेवर किंवा बँकेंत जाणाऱ्याची, अथवा रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणाऱ्याची गोष्ट निराळी. वाटेंत कोठें ऊंस, कोठें उघडा माळ, आणि बांधाबांधावर बाभळी. तेथें चाक बसलें तर सायकल ढकलीत जावें लागतें. शिक्षकाची हजेरी चुकते आणि रोजंदारीवरच्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. ज्यांच्या घरचीं मुलें नोकरीनिमित्त अशा गांवीं राहतात, त्या मंडळींना हें बोलणें विशेष उपयोगीं पडावें.

दुकानाकडे जाण्यापूर्वीं रस्ता पाहावा. रोज ज्या वेळीं निघावयाचें त्याच वेळीं, कामाच्याच दिवशीं, कोणाच्या दुचाकीवर मागें बसून एकदां सबंध वाट डोळ्यांखालून घालावी. डांबर कोठें संपतें, साइडपट्टी कोठें खचली आहे, पंक्चर काढणारा कोठें बसतो आणि सकाळीं किती वाजतां दुकान उघडतो, ह्याची नोंद घ्यावी. नवशिका मनुष्य तासाला बारा ते पंधरा किलोमीटर जातो. त्याहून अधिक वेगाचा हिशेब पहिल्या महिन्यांत धरूं नये. एका बाजूस बारा किलोमीटर असतील तर तास गेला असें समजावें. एका बाजूचें अंतर पंधरा किलोमीटरच्या वर असेल, तर निदान पहिल्या वर्षीं रोजची ये-जा पत्करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. पुणे-अहिल्यानगर महामार्ग, ज्याला आपण अजून नगर रस्ताच म्हणतों, त्यावर जितकें कमी जावें लागेल तितकें बरें. आंतल्या रस्त्यानें दोन-तीन किलोमीटर अधिक पडले तरी ते पदरीं घ्यावेत.

वारा आणि ऊन हींसुद्धां रस्त्याचींच अंगें आहेत. रांजणगांव निमोण्याच्या पश्चिमेस आहे. पावसाळ्यांत वारा पश्चिमेकडून वाहतो. तेव्हां जातांना तो छातीवर येतो आणि येतांना पाठीशीं असतो. सकाळीं पाव तास अधिक धरावयाचा तो ह्याच हिशेबानें. ऊन मात्र जातां-येतां दोन्ही वेळां पाठीमागें राहतें. डोळ्यांना हें सुखाचें, पण समोरून येणाऱ्या मोटारवाल्याच्या डोळ्यांत तोच सूर्य असतो, आणि दुसऱ्या गाडीला ओलांडण्यासाठीं तो आपल्या बाजूस येतो तेव्हां आपण त्याला दिसतच नाहीं. अशा वेळीं रस्त्याच्या कडेला सरावें. आपला हक्क बजावीत मध्यें राहूं नये.

आतां सायकलीकडे वळूं. जॉन केम्प स्टार्ली ह्यानें १८८५ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें 'रोव्हर' सायकल बनविली आणि डनलॉप ह्यानें १८८८ सालीं हवेचा टायर काढला. त्यानंतर सायकलीचा मूळ घाट फारसा बदललेला नाहीं. बाजारांत कामापुरत्या तीन जाती मानाव्यात. पहिली आपली जुनी दूधवाल्यांची काळी सायकल. ती वजनानें जड, वीस किलोंच्या आसपास. गियर नसतात, दांड्यांचे ब्रेक पावसांत नीट लागत नाहींत. पण ती ओझें वाहते, आणि गांवोगांवच्या कारागिराला तिचा प्रत्येक भाग पाठ असतो. दुसरी जाड, खांचेदार टायरांची डोंगरी सायकल. तरुण मुलें हिच्यावरच भाळतात. तिच्या पुढच्या चिमट्यांत स्प्रिंग असते. स्वस्त सायकलींतील ही स्प्रिंग वजन वाढविते, आणि चढावर उभें राहून पायडल मारलें, कीं पायांतला जोर गिळून टाकते. जाड टायर डांबरावर घरघर करीत निम्मी मेहनत खातात. तिसरी ह्या दोहोंच्या मधली, जिला दुकानदार 'हायब्रिड' म्हणतात: सरळ हँडल, ताठ चिमटा, पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर, मागें सात-आठ गियर. निमोण्यासारख्या वाटेला ही उत्तम, आणि पैसा बेताचा असेल तर पहिली. विजेवर चालणाऱ्या सायकलीबद्दल एवढेंच सांगतों, कीं अडीचशें वॉटपर्यंतच्या आणि ताशीं पंचवीस किलोमीटरपर्यंतच्या मान्यताप्राप्त सायकलीस नोंदणी लागत नाहीं. मात्र बॅटरी संपली, कीं तें जड धूड पायांनींच ओढावें लागतें.

ह्या सर्वांहून महत्त्वाची एक बारीक गोष्ट आहे, आणि ती दुकानांत कोणीच विचारीत नाहीं: ट्यूबचा व्हॉल्व्ह. तो तीन प्रकारचा असतो. काळ्या सायकलीचा जुना, आंत रबराची नळी असलेला, मोटारसायकलीसारखा जाड, आणि शर्यतीच्या सायकलींना असतो तो बारीक, टोंकाला चिमुकला स्क्रू असलेला. खेड्यांतील पंक्चरवाल्याकडचा हवेचा पाइप मोटारसायकलीच्या व्हॉल्व्हला बसतो, हातपंप बहुधा जुन्या व्हॉल्व्हला. बारीक व्हॉल्व्हसाठीं वेगळी टोपी लागते, आणि ती नेमकी घरीं राहिलेली असते. तेव्हां सुंदर सायकल पसंत पडली आणि तिचा व्हॉल्व्ह बारीक निघाला, तर दुकानदाराकडून ट्यूबा बदलून घ्याव्यात. मात्र रिमचें भोंक जाड व्हॉल्व्हाएवढें आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. ब्रेकचें, स्पोकांचें, गियरच्या तारेचें हेंच. जो भाग शिरूरच्या बाजारांत मिळत नाहीं, तो आपल्या सायकलींत असूं नये.

माप अंगाचें घ्यावें. आडव्या दांडीवर दोन्ही पाय टेकून उभें राहिल्यावर दांडी आणि शरीर ह्यांच्यामध्यें तीन-चार बोटें जागा राहिली पाहिजे. बैठकीची उंची ठरविण्याची रीत सोपी आहे. भिंतीचा आधार घेऊन बसावें, पायडल अगदीं खालीं न्यावें, त्यावर टांच ठेवावी. पाय तेव्हां सरळ झाला पाहिजे. मग चालवितांना पायडलावर चवडा असतो, आणि गुडघा किंचित् वांकलेला राहतो. पुष्कळ लोक जमिनीवर दोन्ही पाय सपाट टेकावेत म्हणून बैठक खालीं ठेवतात आणि महिन्याभरांत गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. मऊ, गुबगुबीत बैठकीचा मोहही टाळावा. पहिले पंधरा दिवस सोसलें, कीं अरुंद आणि जराशी कठीण बैठकच लांबच्या वाटेला सुखाची ठरते.

जुनी सायकल घेणें हें मुळींच कमीपणाचें नाहीं, पण परीक्षा करून घ्यावी. चाक उचलून फिरवावें आणि ब्रेकच्या रबराशीं तें डावें-उजवें नाचतें का पाहावें; थोडा 'आऊट' असेल तर कारागीर काढून देतो. चाक धरून आडवें हलवावें. खडखड झाली तर छर्रे किंवा कोन झिजले आहेत. सांखळीवर एक फुटाची पट्टी ठेवावी. एका पिनेच्या मध्यापासून बारा इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य बरोबर आला पाहिजे. तो इंचाचा सोळावा भाग पुढें गेला असेल तर सांखळी बदलावी, आणि आठवा भाग गेला असेल तर दांत्यांचीं चक्रेंही गेलीं असें समजावें. शेवटीं हँडलखालच्या नळीवरून, खालच्या बाजूनें, आंगठा फिरवावा. तेथें रंगाला सुरकुती किंवा तडा लागला, तर ती सायकल कोठें तरी समोरून आदळली आहे. ती फुकट मिळाली तरी घेऊं नये.

सामान पाठीवर न घेतां कॅरियरवर बांधावें. पाठीवर पिशवी असली, कीं सदरा घामानें भिजतो आणि मग कचेरींत संकोच होतो. कपड्यांचा एक जोड सोमवारींच कामावर नेऊन ठेवावा. बरोबर एक जादा ट्यूब, टायर काढण्याचे दोन लिव्हर, छोटा पंप, पाना, आणि उन्हाळ्यांत निदान लिटरभर पाणी. पंक्चर काढणें मात्र घरीं, अंगणांत, दिवसाउजेडीं तीनदां तरी करून शिकावें. बाभळीच्या कांट्याची खोड अशी, कीं तो ट्यूबला भोंक पाडून टायरांतच राहतो. नुसती ट्यूब बदलून जाणारा मनुष्य शंभर पावलांवर पुन्हां उतरतो. टायर आंतून बोटांनीं, अगदीं हळू चाचपावा, आणि कांटा हातीं लागल्यावांचून नवी ट्यूब घालूं नये.

ह्या भागांत जिवावरची गोष्ट म्हणजे अंधार. जानेवारींत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे सातच्या पाळीवर जाणारा मनुष्य सारी वाट काळोखांतच तोडतो. त्यांतच तो उसाच्या गाळपाचा हंगाम. ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्या, उसाचीं टोंकें बाहेर आलेलीं, आणि मागें दिवा असेलच असें नाहीं. पुढें पांढरा, मागें लाल दिवा, पायडलांवर आणि स्पोकांवर चकाकणारे तुकडे, डोक्याला हेल्मेट, एवढ्याशिवाय घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं कोणाला निघूं देऊं नये. पायडलांवरचे चकाके विशेष कामाचे. ते वरखालीं होतात, आणि हा मनुष्य आहे हें मागच्याला लांबूनच कळतें. ट्रॉली मागून येत आहे असें कानांना समजलें, कीं उतरून कडेला उभें राहावें. पुढें चाललेल्या ट्रॉलीला अंधारांत ओलांडूं नये. उशीर होऊं द्यावा.

शरीराची तयारी हळूहळू होते. पहिल्या आठवड्यांत कामावर न जातां संध्याकाळीं पांच-सहा किलोमीटर फिरून यावें, दुसऱ्यांत एका सुटीच्या दिवशीं सबंध वाट जाऊन यावें, आणि तिसऱ्यांत दोनच दिवस कामावर जावें. हलक्या गियरवर पाय भरभर फिरवावेत. जड गियर रेटण्यांत पुरुषार्थ नाहीं, गुडघ्याची झीज आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचें दुखणें असणाऱ्यानें आरंभापूर्वीं आपल्या डॉक्टरांना विचारावें, हें सांगावयास नकोच.

पावसाळा लागला, कीं काळ्या रानाची माती रस्त्यावर येते, आणि ती मडगार्ड व टायर ह्यांच्यामध्यें भरून चाक अडवून धरते. तेथें बोटभर तरी फट आहे कीं नाहीं, हें सायकल घेतांनाच पाहून ठेवावें. वाटेंत चाक अडलें तर काटकीनें माती काढावी, बळानें ढकलूं नये. घरीं आल्यावर सायकल साध्या पाण्यानें धुवावी. जोराचा फवारा चाकांच्या मध्यावर मारला, तर आंतलें ग्रीस निघून जातें. मग सांखळी कोरड्या फडक्यानें पुसून दर दुव्यावर तेलाचा एक थेंब सोडावा, पायडल उलटें फिरवावें आणि वरचें तेल पुसून टाकावें, नाहींतर दुसऱ्या दिवशींची धूळ त्यालाच चिकटते.