काठी आपली, झोकाही आपला

शेतकरी बंधूंनो, मथळ्याखालचा मजकूर वाचून तुम्ही म्हणाल, या लेखकाचं डोकं फिरलं की काय! कांद्याचं, विजेचं, कर्जाचं सोडून हा गोल्फचं काय सांगत बसलाय? रागावू नका, जरा दम धरा. गोल्फ हा साहेबलोकांचा खेळ, हे आपण ऐकून आहोत. पण ज्या माणसाची गोष्ट आज सांगायची आहे तो साहेब नव्हता, आणि त्यानं जे शिकून दाखवलं ते कुदळ मारणाऱ्या माणसाला चटकन समजेल असं आहे.

आणखी एक कारण आहे. गोल्फच्या मैदानांवर आसपासची पोरं कामाला जातात. कुणी गवत कापतो, कुणी खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहतो. पिशवी वाहणाऱ्याला तिथं कॅडी म्हणतात. दिल्लीच्या मैदानावर असाच कॅडी म्हणून वाढलेला अली शेर 1991 साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकला. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. तेव्हा उद्या तुमच्या गावचं एखादं पोरगं हातात ती काठी घेऊन उभं राहिलं आणि कुणी हसून म्हणालं, "अरे, हा तर लाकडं फोडल्यासारखं मारतोय," तर त्यानं काय करावं? आपली पद्धत सोडावी की धरून ठेवावी? आजचा लेख या एका प्रश्नासाठी आहे.

खेळ काय आहे?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण 43 मिलिमीटर जाडीचा, 46 ग्रॅमच्या आतला एक कडक चेंडू. तो काठीनं मारत मारत दूरच्या खळीत घालायचा. खळीचं तोंड 108 मिलिमीटर, म्हणजे चार बोटांपेक्षा थोडं मोठं. अशा अठरा खळ्या. ज्याला कमीत कमी फटके लागले तो जिंकला. काठीला क्लब म्हणतात. लांब पल्ला, जवळचा पल्ला अशा कामाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा क्लब बरोबर ठेवता येतात. काठी मागं नेऊन फिरवून मारायची जी क्रिया, तिला स्विंग म्हणतात. आपण झोका म्हणू.

आता गंमत बघा. चेंडू आणि काठी यांची गाठ पडते ती किती वेळ? एका सेकंदाचे दोन हजार तुकडे करा, त्यातला साधारण एक तुकडा. तेवढ्यात सगळा निकाल लागतो. त्या क्षणी काठीचं तोंड कुठं वळलेलं आहे, काठी कोणत्या वाटेनं आणि किती वेगानं येते आहे, एवढंच चेंडूला कळतं. तुम्ही काठी मागं कशी नेली, पाय कसे ठेवले, लोक हसले की टाळ्या वाजवल्या, यातलं चेंडूला काहीही कळत नाही. हा मुद्दा मनात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

किचनरचा मो नॉर्मन

कॅनडा देशात ओंटारियो प्रांतात किचनर नावाचं गाव आहे. तिथं 1929 साली मो नॉर्मन जन्मला. घरची परिस्थिती बेताची. वडिलांना हा खेळ पसंत नव्हता. पोरगा कॅडीचं काम करी आणि नगरपालिकेच्या रॉकवे मैदानावर खेळे. हिवाळ्यात बर्फ पडला की मैदान बंद. मग बोलिंगच्या खेळात पडलेले लाकडी खुंट उभे करण्याचं काम करून तो चार पैसे मिळवी. शिकवायला खासगी गुरू नव्हता. चेंडू मारायचा, कुठं गेला ते बघायचं, परत मारायचा. दिवसाला शेकडो चेंडू. तळहाताला घट्टे पडले.

त्याचा झोका पुस्तकातल्या झोक्यासारखा नव्हता. नेहमीच्या शिकवणीत खेळाडू थोडा वाकून उभा राहतो, हात खांद्याखाली सैल लोंबतात आणि काठी तिथून पुढं जमिनीकडे जाते. बाजूनं पाहिलं तर हात आणि काठी यांच्यामध्ये कोन दिसतो. पण फटका बसतो तेव्हा वेगानं हात वर ओढले जातात आणि तो कोन उघडतो. म्हणजे उभं राहताना हात एका जागी, आणि चेंडूला भेटताना दुसऱ्या जागी. या दोन जागांचा मेळ दर वेळी घालणं हीच तर नवशिक्याची कटकट.

मो नॉर्मननं हा घोळच काढून टाकला. फटक्याच्या वेळी हात जिथं येणार, तिथंच ते आधीपासून ठेवले. हात ताठ लांबवलेले, हात आणि काठी जवळजवळ एका रेषेत. पाय चांगले फाकवलेले. काठीची मूठ बोटांपेक्षा तळहातात जास्त, हातोडा धरावा तशी. काठीचं टोक चेंडूला चिकटवून न ठेवता सुमारे फूटभर मागं. मागं नेणं थोडकं आणि फटक्यानंतर काठी बराच वेळ चेंडूच्या दिशेनंच जाते. उभं राहताना जी रेषा, फटक्यालाही तीच रेषा. म्हणून या पद्धतीला आज एक-प्रतलाचा, इंग्रजीत सिंगल प्लेन स्विंग म्हणतात.

निकाल काय? चेंडू सरळ. इतका सरळ की लोकांनी त्याला 'पाइपलाइन मो' नाव ठेवलं. हौशी खेळाडू म्हणून 1955 आणि 1956 अशी लागोपाठ दोन वर्षं तो कॅनडाची राष्ट्रीय हौशी स्पर्धा जिंकला. पुढं व्यावसायिक झाल्यावर 1966 आणि 1974 साली कॅनडाची पीजीए स्पर्धाही त्यानं मारली.

हसणारे आणि सल्ला देणारे

पण मंडळी, सरळ चेंडू मारला म्हणून सगळं सरळ झालं असं नाही. त्याचे कपडे विजोड, बोलणं भराभर आणि तेच तेच. चारचौघांत तो बुजायचा. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांमध्ये त्याच्या वागण्यावर बोट ठेवलं गेलं. ते मनाला लागलं आणि तो तिथून परत आला तो आलाच. ज्याच्या हातात एवढी विद्या, तो कित्येक वर्षं ओढगस्तीत राहिला.

1956 ची गोष्ट तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या मास्टर्स या नामांकित स्पर्धेचं त्याला बोलावणं आलं. तिथं सॅम स्नीड या त्या काळच्या दिग्गजानं चांगल्या मनानं एक सूचना केली. मो लगेच सरावाला गेला आणि शेकडो चेंडू मारत बसला. हात सुजले. पुढच्या फेरीत खेळ मध्येच सोडावा लागला. सल्ला देणाऱ्याचा दोष नव्हता. पण उभ्या पिकात कुणी वेगळी मात्रा सांगितली आणि आपण एका रात्रीत सगळ्या रानाला दिली, तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुनियेला त्याची किंमत कळली ती उशिरा. 1995 साली, वयाच्या पासष्टीत, कॅनडाच्या गोल्फ सन्मान-दालनात त्याचं नाव लागलं. त्याच वर्षी टायटलिस्ट या चेंडू बनवणाऱ्या कंपनीनं त्याला हयातभर दरमहा पाच हजार डॉलर देऊ केले. 2004 साली तो गेला. आज त्याची पद्धत शिकवणाऱ्या शाळा चालतात आणि उतारवयातले हौशी खेळाडू हौसेनं शिकतात.

शिकायचं तर कसं?

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट झाली, पण करायचं काय? क्लब विकत घ्यायची गरज नाही. तीन फुटांची एक नीट काठी घ्या. कापणी झालेलं मोकळं रान बघा. आसपास पोरंटोरं, जनावरं नकोत, पायाखाली दगड नकोत. आणि खरा चेंडू तर वापरूच नका, तो डोळ्याला लागला तर डोळा जातो. चिंध्यांचा चेंडू पुरेसा आहे.

पहिलं काम, पाय खांद्यापेक्षा थोडे जास्त फाकवा. गुडघे नावाला वाकवा. कंबरेतून पुढं झुका, पाठीला पोक काढू नका.

दुसरं, डावा हात वर आणि उजवा खाली अशी मूठ धरा. डावखुऱ्यांनी उलट. हात लांबवा आणि काठी हातांच्या रेषेतच ठेवा. आपलं आपल्याला दिसत नाही, म्हणून एखाद्या गड्याला चेंडू जाणार त्या दिशेच्या रेषेवर, तुमच्यापासून लांब मागं उभं करा आणि विचारा, "बाबा, काठी आणि हात एका रेषेत दिसतात का? कुठं मोडतंय?"

तिसरं, जमिनीवर फक्कीची एक रेघ मारा. रेघ दोन पायांच्या मधोमध, चेंडूच्या दिशेला आडवी. चेंडू न ठेवता हळू झोका घ्या, हात कंबरेइतकेच वर जाऊ द्या. काठीचं टोक मातीला कुठं लागतं ते बघा. रेघेवर किंवा रेघेच्या जरा पुढं लागलं तर ठीक. मागं लागत असेल तर तुमचं वजन मागच्या पायावर राहतंय. दहापैकी आठ वेळा जागा बरोबर आली की मगच चेंडू ठेवा.

चौथं काम लिहिण्याचं. वहीत तारीख घाला, दहा चेंडूंपैकी किती सरळ गेले ते मांडा. ग्रामसेवक भाऊसाहेबांना नोंदीचं महत्त्व मी काय सांगू! नोंद नसेल तर माणूस दोन चांगल्या फटक्यांवर भुलतो आणि दोन वाईट फटक्यांवर हात टेकतो.

आणि एक कटू सत्य आधीच सांगून ठेवतो. ज्याला जुनी सवय आहे त्याचा खेळ पहिल्यांदा बिघडतो. काही आठवडे असं वाटतं, होतं तेही गेलं. इथंच बहुतेक हौशी मंडळी सोडून देतात आणि अर्धं जुनं, अर्धं नवं असं कडबोळं करून बसतात. नवं बियाणं आपण आधी एका गुंठ्यात लावून बघतो, सगळ्या एकरात नाही. तसंच इथंही करा. एकच काठी, एकच पल्ला, ठरलेली मुदत. मुदत संपली की वही उघडा आणि मगच ठरवा. पाठीत किंवा मनगटात दुखायला लागलं तर मात्र मुदतीची वाट बघू नका, थांबा.

दुसऱ्याची ढब उचलू नका

वेगळी पद्धत म्हणजे वाटेल तसं मारणं नव्हे, हेही समजून घ्या. दक्षिण कोरियात पोहांग या बंदराच्या गावचा हो-सुंग चोई नावाचा खेळाडू आहे, जन्म 1973 चा. कामातल्या अपघातात त्याच्या उजव्या अंगठ्याचा तुकडा गेला. विशीत तो गोल्फच्या मैदानावर नोकरीला लागला आणि मासिकं वाचून खेळ शिकला. वय वाढलं, अंग आखडलं, चेंडू लांब जाईना, तेव्हा त्यानं फटक्यानंतर अंग पिळून एक पाय हवेत फिरवायला सुरुवात केली. गळ टाकल्यासारखा दिसणारा तो झोका 'कोळ्याचा झोका' म्हणून 2018 साली जगभर गाजला. लोक हसले. त्याच वर्षी, वयाच्या 45 व्या वर्षी, तो जपानमधली कॅसिओ वर्ल्ड ओपन जिंकला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या स्पर्धेला बोलावणं आलं, तिथं मात्र शेवटच्या फेरीपर्यंत पोचला नाही. जिंकणं हरणं चालायचंच.

आता बघा, मो नॉर्मनचे पाय जमिनीला रोवलेले आणि चोईचा पाय हवेत. दोघांची ढब एकमेकांच्या उलट. पण दोघांनीही आपलं अंग, आपली अडचण ओळखून वाट काढली, आणि दोघांची काठी चेंडूपाशी आली की सरळ येते. चोईची नक्कल करून तुम्ही पाय फिरवाल तर गुडघा धरून बसाल. उचलायचं असेल तर कारण उचला, ढब नको.

अमेरिकेचा ब्रायसन डीशॅम्बो हा पदार्थविज्ञान शिकलेला. त्यानंही एक-प्रतलाचाच मार्ग धरला आणि आपले सगळे लोखंडी क्लब एकाच लांबीचे, साडेसदतीस इंची करून घेतले, म्हणजे दर वेळी उभं राहणं तेच. जाणत्यांनी माना हलवल्या. 2015 साली त्यानं अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकली, पुढं 2020 आणि 2024 ला यूएस ओपन. किचनरच्या गरीब पोराला जे घट्टे पाडून कळलं, ते याला वहीत गणित मांडून कळलं. वाटा दोन, पण मुक्काम एकच.

आपल्याकडे म्हणतात, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. मो नॉर्मनच्या गोष्टीतून त्याला एक शेपूट जोडावंसं वाटतं, मनाचे करावे, पण मोजून करावे. तुमचं पोरगं मैदानावर काठी घेऊन लाकडं फोडल्यासारखं मारत असेल, तर हसण्याआधी चेंडू कुठं पडला ते बघा. दहापैकी आठ सरळ जात असतील तर त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या. जात नसतील तर वही हातात द्या आणि म्हणा, "बाळा, उद्या परत रेघ मारू."