हेडगार्ड जखम टाळते. मेंदूला बसणारा धक्का टाळेलच असे नाही

नवी दिल्ली : १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून मुष्टियोद्ध्यांच्या डोक्यावर असलेले हेडगार्ड २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या लढतींतून नाहीसे झाले, महिलांसाठी ते कायम राहिले. तत्कालीन आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयबा’ने २०१३ मध्येच वरिष्ठ पुरुष गटातून ते हटवले होते. संरक्षक साधन काढल्याने खेळ अधिक सुरक्षित होतो, हा संघटनेचा युक्तिवाद अनेकांना पटला नाही आणि त्याविषयी आजही मतभेद आहेत. मात्र हेडगार्ड नेमके कशापासून वाचवते, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक सराव केंद्रापुढे उभा राहिला.

भुवई फुटणे, गाल सुजणे, कानाला इजा होणे यांपासून हेडगार्ड निश्चितच संरक्षण देते. सरावात खेळाडू खाली कोसळून डोके जमिनीवर आपटले, तरीही त्याचा उपयोग होतो. मेंदूचे गणित मात्र वेगळे आहे. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके झटक्याने फिरते आणि कवटीतील मऊ मेंदू त्या गतीने पिळवटला जातो. ‘कन्कशन’ म्हणतात ते बहुधा यातूनच होते. बाहेरचे अस्तर ही गती पूर्णपणे थांबवू शकत नाही. शिवाय जाड हेडगार्डमुळे बाजूचे कमी दिसते, डोक्याचा आकार वाढतो आणि हुकवता आला असता असा ठोसाही लागतो. हेडगार्ड आहे म्हणून दोघेही अधिक जोराने मारू लागतात, हा धोका वेगळाच.

माउथगार्ड दात, ओठ व जबडा वाचवते. ते दातांवर घट्ट बसणारे असावे. स्पर्धेत १० किंवा १२ औंसांचे ग्लोव्हज वापरले जात असले, तरी सरावात साधारणपणे १६ औंसांचे, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमचे ग्लोव्हज पसंत केले जातात. तायक्वांदोमध्ये हेडगार्डबरोबर छाती, नडगी, हात व जांघेचे संरक्षकही असतात. ऑलिंपिकमध्ये छातीच्या संरक्षकातील संवेदक गुणही नोंदवतात.

सरावातील खरे संरक्षण मात्र साहित्याच्या पिशवीत मिळत नाही. वजन व अनुभवाने तुल्य जोडीदार, आधी ठरवलेला जोर आणि डोक्यावरील प्रहारांना मर्यादा, हे प्रशिक्षकाच्या हाती असते. डोके दुखणे, मळमळ, तोल जाणे, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही दिसले, तर खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. पहिला धक्का भरून निघण्याआधी, विशेषतः किशोरवयात, दुसरा बसला तर तो जीवघेणा ठरू शकतो. डोक्यावरील प्रहाराने ‘नॉकआउट’ झालेल्या खेळाडूला किमान ३० दिवस दूर ठेवण्याचा दंडक ऑलिंपिक शैलीच्या मुष्टियुद्धात रुजलेला आहे आणि तो सरावलढतींनाही लागू होतो. स्पर्धेत त्यावर लक्ष ठेवण्यासाठी रिंगजवळ डॉक्टर असतो. सराव केंद्रात बहुधा केवळ प्रशिक्षक असतो.