नैराश्य आणि वैवाहिक जीवन : घरातील वादामागे आजार असू शकतो

पती-पत्नींमध्ये मतभेद होतातच. परंतु पूर्वी क्वचित होणारे वाद अलीकडे रोजचेच झाले असतील, किंवा बोलणेच थांबून घरात अबोला पसरला असेल, तर ‘चूक कोणाची?’ असे विचारण्यापूर्वी ‘आपल्यापैकी कोणाला नैराश्य तर नाही ना?’ असा विचार करावा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २० पैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा त्रास होतो.

लक्षण की दोष?

नैराश्याची लक्षणे घरात अनेकदा स्वभावदोष समजली जातात. थकवा आणि निरुत्साह हा ‘आळस’ ठरतो. कशातच आनंद न वाटणे किंवा शरीरसंबंधांची इच्छा कमी होणे, याचा अर्थ ‘प्रेम उरले नाही’ असा लावला जातो. उदासीऐवजी चिडचिड दिसली, तर ‘तापट स्वभाव’ म्हटले जाते. काही जण, विशेषतः पुरुष, दुःख बोलून दाखवण्याऐवजी मद्याकडे वळतात. दोषारोपामुळे रुग्णाची अपराधी भावना वाढते, तो अधिक अबोल होतो आणि जोडीदाराचा राग आणखी वाढतो. उलट, सततचा कलह हेही नैराश्याचे कारण ठरू शकते.

उदासी किंवा निरुत्साह दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतांश वेळ टिकून असेल, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता किंवा आत्मविश्वास यांत बदल झाला असेल, तर डॉक्टरांना भेटावे. प्रसूतीनंतरच्या काळात याकडे विशेष लक्ष द्यावे.

जोडीदाराने काय करावे?

- भांडण चालू असताना नव्हे, तर शांत वेळी विषय काढावा. ‘तू बदललीस’ किंवा ‘तू बदललास’ असे म्हणण्याऐवजी ‘मला तुझी काळजी वाटते’ असे म्हणावे.
- ‘मन घट्ट कर’ असा उपदेश न करता ऐकून घ्यावे.
- पहिल्या तपासणीस सोबत जावे.
- शक्य असल्यास, विभक्त होण्यासारखे मोठे निर्णय उपचारांचा परिणाम दिसेपर्यंत पुढे ढकलावेत.
- स्वतःची झोप, विश्रांती आणि आप्तांचा आधार सांभाळावा.

सासर-माहेरच्या मंडळींनी सून किंवा जावई यांना दोष देऊ नये.

उपचार

समुपदेशन आणि औषधे यांनी बहुतेक रुग्णांना आराम पडतो. औषधांचा परिणाम जाणवण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. बरे वाटू लागले तरी औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. काही औषधांमुळे कामेच्छा कमी होऊ शकते. असे झाल्यास संकोच न करता डॉक्टरांना सांगावे, औषध बदलता येते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये उपचार मिळण्याचा आणि माहिती गोपनीय राखली जाण्याचा आपणास हक्क आहे.

दोन गोष्टी विसरू नयेत

आजार हे मारहाणीचे समर्थन नव्हे. हिंसा होत असल्यास प्रथम सुरक्षित ठिकाणी जावे. महिलांनी १८१ या क्रमांकावर, तर तातडीच्या प्रसंगी कोणीही ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

जोडीदार मरणाची भाषा बोलत असेल, तर ती धमकी किंवा नाटक समजू नये. आत्महत्येचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधे तिच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि तिला त्वरित रुग्णालयात न्यावे.

मदत कोठे मिळेल?

टेली-मानस : १४४१६. ही सेवा विनामूल्य असून २४ तास, मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. रुग्ण बोलण्यास तयार नसेल, तर जोडीदारानेही सल्ला घ्यावा. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय येथेही चौकशी करावी.

एकमेकांशी नव्हे, तर दोघांनी मिळून आजाराशी लढावे.