जलहक्क, इस्लामी विधीतील

पाणी, कुरणे व वृक्ष यांच्या सामायिक उपभोगाविषयीचे इस्लामी धर्मविधीतील नियम व त्यांचा भूदृश्यरचनेवरील प्रभाव. ‘शरीअत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थच पाणवठ्याकडे नेणारी वाट असा दिला जातो. पाणी, चारा व अग्नी यांत सर्वांचा वाटा असतो, अशा आशयाचे वचन हदीस-वाङ्मयात आढळते. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया दवडू नये, असेही तेथे सांगितले आहे. विधिज्ञांनी दोन हक्क वेगळे मानले : तहान भागविण्याचा ‘शफा’ व शेतास पाणी देण्याचा ‘शिर्ब’. शफा माणसांप्रमाणेच जनावरांनाही लागू असून तो शिर्बहून श्रेष्ठ होय. भांड्यात भरून घेतलेले पाणी मात्र खाजगी मालमत्ता ठरते. विहिरीभोवतीची राखीव जमीन (हरीम) व संरक्षित कुरण (हिमा) या कल्पनाही याच विचारातील आहेत.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण औरंगाबादचे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर). मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीस भूमिगत नहरीने पाणी पुरविले. पुढे तेथील दर्ग्याच्या आवारात नळाने आणलेल्या पाण्यावर पाणचक्की चाले. बीबी का मकबरा (१६६०-६१) चारबागेत उभा आहे. चारबागेचा आराखडा इस्लामपूर्व इराणातला. स्वर्गातील चार नद्यांशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला असावा.

नियम व व्यवहार यांत अंतर राहिलेच. सावित्रीच्या खोऱ्यात पोलादपूर-महाड भागात पाऊस विपुल. परंतु महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अन्य हिंदू व मुसलमान वापरीत असता अस्पृश्यांना ते वर्ज्य होते. नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले करण्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर झालेल्या हल्ल्यात काहींना मुसलमानांच्या घरी आश्रय मिळाला. डिसेंबरमधील परिषदेसाठी जागाही फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

याउलट अनुभव १९३४ मध्ये दौलताबादेस आला. रमजानचा महिना होता. किल्ल्याबाहेरील हौदाच्या पाण्याने तोंड व पाय धुतल्याबद्दल तेथील मुसलमानांनी आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांना हौद बाटविल्याचा दोष दिला. हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदविला आहे. अखेर त्यांना किल्ल्यात प्रवेश मिळाला. मात्र आत कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला.