लाल दिव्याचा हिशेब

पुणे-नगर रस्त्यावरच्या सुप्याच्या परिसरात, पारनेर तालुक्याच्या माळावर, या शतकाच्या सुरुवातीला पवनचक्क्या फिरू लागल्या. त्यांतला टाटा पॉवरचा प्रकल्प १७ मेगावॅटचा. त्याच सुमारास घरोघरी रिमोटवर चालणाऱ्या वस्तू वाढत गेल्या. रिमोटने बंद केलेली वस्तू खरे तर बंद होत नाही. रिमोटची खूण ओळखण्यासाठी तिच्या आतला भाग जागाच राहतो आणि वीज खातो. लाल दिव्याच्या या अवस्थेला स्टँडबाय म्हणतात. माळावर वीज निर्माण होण्याच्या आणि घरात ती निष्कारण खर्ची पडण्याच्या या दोन्ही गोष्टी गेली पंचवीस वर्षे बरोबरीने चालल्या आहेत. या काळाकडे मागे वळून पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. ही गळती जिथे खरोखर थांबली, तिथे ती नियमाने कारखान्यातच थांबली. जिथे सगळा भार ग्राहकाच्या सवयीवर टाकला, तिथे ती चालूच राहिली.

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील अॅलन मायर यांनी या गळतीची मोजमापे घेऊन ती जगासमोर मांडली. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने लक्ष्य सुचवले, की कोणत्याही उपकरणाने स्टँडबायमध्ये एका वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. एक वॅट वर्षभर चालू राहिला तर पावणेनऊ युनिट होतात. त्या काळच्या अनेक उपकरणांत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असे. काही काम नसतानाही तो तापत राही. त्याची जागा स्विचिंग पद्धतीच्या पुरवठ्याने घेतली आणि ही मर्यादा सहज गाठता आली. युरोपीय संघाने २०१० पासून एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा सक्तीची केली. भारतात २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ मध्ये स्टार लेबल आले. आज चांगला नवा टीव्ही स्टँडबायमध्ये अर्ध्या वॅटच्या आसपास वीज घेतो. यासाठी कोणाही ग्राहकाला उपदेश करावा लागला नाही.

महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र वेगळे वळण आले. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण भागाने दिवसाकाठी कित्येक तासांचे भारनियमन सोसले. चर्चा झाली ती वीज कुठून आणायची याची. आहे ती कुठे मुरते, याची फारशी नाही. पुढे २०१२ मध्ये मुंबईपासून केबलचे डिजिटायझेशन सुरू झाले आणि २०१७ पर्यंत ते खेड्यांपर्यंत पोचले. त्याआधीच डीटीएचच्या छत्र्या घरांवर दिसू लागल्या होत्या. टीव्ही सुधारला, पण या दोन्हींमुळे त्याच्या शेजारी सेट-टॉप बॉक्स येऊन बसला. बॉक्स बहुधा कंपनी किंवा केबलवाला देतो आणि त्याचे वीजबिल घरमालक भरतो. वीज वाचवण्याचा फायदा देणाऱ्याला नाही, आणि घेणाऱ्याला निवड नाही. गळती टिकून राहण्याचे मूळ इथे आहे. अनेक बॉक्स स्टँडबायमध्येही जवळपास चालू असल्याइतकीच वीज घेतात. दहा वॅट आणि रोजचे वीस तास धरले, तर वर्षाला एका बॉक्सचे ७३ युनिट होतात आणि एक लाख बॉक्सचे ७३ लाख. पवनचक्की सरासरी क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याने चालते असे मानले, तर सुमारे चार मेगावॅटच्या पवनचक्क्या वर्षभर एवढ्यासाठीच फिरतात.

यावर कोणी म्हणेल, की सुप्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांपुढे हा आकडा किरकोळ आहे. खरे आहे, पण कारखान्याच्या युनिटमधून माल आणि रोजगार निघतो, या युनिटमधून काहीच निघत नाही. दुसरा आक्षेप असा, की आता सौर वीज वाढते आहे; मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवातही याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून झाली. पण सौर वीज दिवसा मिळते आणि स्टँडबायची मागणी रात्रभरही असते. भिंतीवरचे बटण बंद केल्यावर बॉक्स पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. म्हणूनच केवळ सवयीवर भिस्त ठेवता येत नाही. स्टँडबायची मर्यादा बॉक्सलाही काटेकोरपणे लागू व्हावी आणि तो किती वॅट घेतो हे खोक्यावर ठळक छापावे.

तोवर एक सोय आपल्या हाताशी आहेच. आपल्याकडे भिंतीवरच्या जवळजवळ प्रत्येक प्लगला स्वतंत्र बटण असते. अनेक देशांत ते नसते. फ्रिज चालू राहू द्या, राउटर लागत असेल तर तोही. पण रात्री झोपताना टीव्ही आणि बॉक्सचे बटण भिंतीवरून बंद करा.