आयर्लंडमधील गेलिक खेळ : हौशी दर्जा, सामन्यांचे वेळापत्रक आणि खेळाडू-कल्याण

प्रस्तावना

आधुनिक क्रीडासंस्कृतीत दोन प्रवाह ठळकपणे दिसतात. एका प्रवाहात खेळाडू हा वेतन घेणारा व्यावसायिक असतो, तर दुसऱ्यात तो केवळ आवड म्हणून खेळणारा हौशी असतो. आयर्लंडमधील गेलिक खेळ या दोन्ही चौकटींत पूर्णपणे बसत नाहीत. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर सुमारे ८२,००० प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणारा खेळाडू दुसऱ्याच आठवड्यात शाळेत शिकवायला, बँकेत कामावर किंवा महाविद्यालयात परीक्षेला जातो. त्याला खेळाबद्दल वेतन मिळत नाही. मात्र त्याच्याकडून अपेक्षिली जाणारी तयारी व्यावसायिक खेळाडूपेक्षा फारशी कमी नसते. या विसंगतीतून निर्माण झालेल्या खेळाडू-कल्याणाच्या आणि सामन्यांच्या वेळापत्रकाच्या प्रश्नांवर आयर्लंडमधील क्रीडारसिक गेली पंचवीस वर्षे सातत्याने चर्चा करीत आहेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप, त्याची कारणे आणि त्यावर योजलेले उपाय यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

गेलिक खेळ व त्यांची संघटना

गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन या संघटनेची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातील थर्ल्स येथे झाली. मायकेल क्यूसॅक हे तिचे प्रवर्तक, तर मॉरिस डेव्हिन हे पहिले अध्यक्ष होत. ब्रिटिश सत्तेच्या काळात इंग्रजी खेळांचा प्रभाव वाढत असताना देशी खेळांचे जतन व संवर्धन करणे हा या स्थापनेमागील हेतू होता. त्यामुळे ही संघटना आरंभापासूनच राष्ट्रीय अस्मितेशी जोडली गेली.

हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे या संघटनेचे दोन प्रमुख खेळ होत. हर्लिंग हा लाकडी काठी व लहान चेंडू यांनी खेळला जाणारा अत्यंत वेगवान खेळ आहे. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हाताने व पायाने दोन्ही प्रकारे खेळता येतो. दोन्ही खेळांत प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. चेंडू जाळ्यात गेल्यास तीन गुण आणि आडव्या दांडीवरून गेल्यास एक गुण ही मूळ गुणपद्धती होय. फुटबॉलमध्ये २०२५ च्या हंगामापासून ठरावीक अंतराच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्यास दोन गुण देण्याची तरतूद करण्यात आली आहे.

या खेळांची रचना क्लब आणि काउंटी अशा दोन स्तरांवर उभी आहे. क्लब हा सामान्यतः एका पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या स्थानिक कार्यक्षेत्राचा असतो आणि त्यातील निवडक खेळाडू काउंटी संघात जातात. खेळाडू बहुधा जन्मगावच्या क्लबकडूनच आयुष्यभर खेळतो. खेळाडूंची खरेदी-विक्री येथे नाही. या खेळांचे सामर्थ्य या स्थाननिष्ठेत आहे आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे त्यांच्या अडचणींचे मूळही तेथेच आहे.

हौशी दर्जा आणि वाढत्या अपेक्षा

हौशी दर्जा हे संघटनेचे पायाभूत तत्त्व आहे. खेळाडूस खेळण्याबद्दल मोबदला देण्यास नियमाने मनाई आहे. एकेकाळी आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि रविवारी सामना एवढाच व्याप असल्यामुळे हे तत्त्व सहज पाळता येत असे. १९९० च्या दशकापासून परिस्थिती पालटत गेली. व्यायामशाळेतील प्रशिक्षण, आहारतज्ज्ञ, सामन्यांच्या चित्रफितींचे विश्लेषण, मानसिक तयारी अशा अनेक गोष्टी काउंटी संघांत आल्या. एका संघाने स्वीकारलेली पद्धत दुसऱ्या संघास टाळणे अशक्य झाले.

या वाढीचे मोजमाप आयर्लंडच्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेच्या २०१८ मधील अहवालात मिळते. २०१६ च्या हंगामातील काउंटी खेळाडूंच्या सर्वेक्षणावर आधारलेल्या या अहवालानुसार हंगामात काउंटी खेळासाठी आठवड्याला ३१ तासांपर्यंत वेळ द्यावा लागत होता. पूर्ण वेळ नोकरी किंवा शिक्षण सांभाळून हा वेळ काढायचा असतो. डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या मेयो किंवा डोनेगलच्या खेळाडूस सरावासाठी एका दिशेने दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो, ही बाब लक्षात घेतल्यास या आकड्यामागील वास्तव अधिक स्पष्ट होते. हा वेळ झोप, कुटुंब, मित्रमंडळी आणि व्यवसायातील प्रगती यांमधूनच येतो.

खेळाडूंचे संघटन

या पार्श्वभूमीवर १९९९ मध्ये गेलिक प्लेयर्स असोसिएशन ही खेळाडूंची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. आरंभी मूळ संघटनेने तिला मान्यता दिली नाही. २००२ च्या अखेरीस कॉर्क काउंटीच्या हर्लिंगपटूंनी वैद्यकीय सेवा, प्रवास व व्यायामाच्या सोयी या मागण्यांसाठी खेळण्यास नकार दिला. हौशी खेळाडूंचा ‘संप’ ही कल्पनाच अनेकांस धक्कादायक वाटली. वेतन नसलेला मनुष्य संप कसा करू शकतो, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला. परंतु खेळाडूंच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या. त्यांनी पैसा मागितला नव्हता. दुखापत झाल्यास वेळेवर उपचार मिळावेत, एवढीच त्यांची किमान अपेक्षा होती.

पुढे नोव्हेंबर २००७ मध्ये शासकीय अनुदानाच्या प्रश्नावर काउंटी खेळाडूंनी मोठ्या बहुमताने संपाच्या बाजूने कौल दिला. प्रत्यक्ष संप टळला आणि २००८ पासून काउंटी खेळाडूंना शासनातर्फे मर्यादित अनुदान मिळू लागले. कालांतराने खेळाडू संघटनेस अधिकृत मान्यताही मिळाली. तथापि वाद संपले नाहीत. २०२२ मध्ये आठवड्यातील किती सराव-सत्रांचा प्रवासखर्च द्यावा यावरून दोन्ही संघटनांत मतभेद झाले. मूळ संघटना चार सत्रांची मर्यादा घालू पाहत होती. जितक्या वेळा बोलावले जाते तितक्या वेळचा खर्च मिळावा, असे खेळाडूंचे म्हणणे होते. वरवर पाहता हा वाद हिशेबाचा वाटतो. वस्तुतः खर्चाची मर्यादा ही सरावाची मर्यादा ठरेल काय, हा त्यातील खरा प्रश्न होता.

विद्यार्थी-खेळाडूंची कोंडी

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा पैलू म्हणजे विद्यार्थी-खेळाडूंची अवस्था होय. आयर्लंडमधील उच्च शिक्षणसंस्थांत फुटबॉलसाठी सिगरसन चषक आणि हर्लिंगसाठी फिट्झगिबन चषक या शतकाहून जुन्या, प्रतिष्ठेच्या स्पर्धा आहेत. एकोणीस-वीस वर्षांचा गुणवान खेळाडू एकाच हंगामात महाविद्यालय, क्लब, काउंटीचा वीस वर्षांखालील संघ आणि काउंटीचा वरिष्ठ संघ अशा अनेक संघांकडून खेळू शकतो. तो दोन्ही खेळ खेळत असेल तर ही संख्या आणखी वाढते. प्रत्येक संघाचा प्रशिक्षक आपल्यापुरता वाजवी सराव सांगतो. मात्र या साऱ्या सरावांची बेरीज करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते आणि ती बेरीज शेवटी त्या तरुणाच्या शरीरावर पडते.

अतिश्रमामुळे येणाऱ्या या शारीरिक व मानसिक थकव्याची दखल संघटनेने २००७ च्या सुमारास घेतली. नोव्हेंबर व डिसेंबर या महिन्यांत काउंटी संघांच्या सामूहिक सरावास बंदी घालण्यात आली. २०१८ पासून कुमार गटाची वयोमर्यादा १८ वरून १७ वर आणण्यात आली, जेणेकरून शालान्त परीक्षेच्या वर्षातील मुलांवरील भार कमी व्हावा. शारीरिक सुरक्षेच्या बाबतीत २०१० पासून सर्व हर्लिंगपटूंना शिरस्त्राण आणि २०१४ पासून सर्व फुटबॉलपटूंना दातांचे संरक्षक कवच सक्तीचे झाले. शिरस्त्राणाचा नियम पाळला जातो, कारण तो मैदानावर डोळ्यांना दिसतो. सरावबंदीचा नियम मात्र अनेक ठिकाणी आडवाटेने मोडला गेला. खेळाडूच्या डोक्याचे रक्षण करणे जितके सुकर ठरले तितके त्याच्या वेळेचे रक्षण करणे ठरले नाही.

वेळापत्रकाचा प्रश्न व विभाजित हंगाम

काउंटी खेळाडू संख्येने थोडे असतात. बहुसंख्य खेळाडू केवळ क्लबकडून खेळतात. परंतु दीर्घकाळ त्यांचे वेळापत्रक काउंटी संघांच्या यशापयशावर अवलंबून होते. काउंटी संघ स्पर्धेत टिकून असेपर्यंत क्लबचे सामने पुढे ढकलले जात. आपला सामना कोणत्या आठवड्यात होणार हेच ठाऊक नसल्यामुळे क्लब खेळाडूस रजा, प्रवास किंवा विवाहाचा दिवससुद्धा निश्चित करता येत नसे. २०१८ पासून एप्रिल महिना क्लबसाठी राखून ठेवण्याचा प्रयत्न झाला, परंतु काउंटी प्रशिक्षक खेळाडूंना सोडण्यास नाखूश असल्याने तो फारसा यशस्वी ठरला नाही. जानेवारी २०१७ मध्ये स्थापन झालेल्या क्लब प्लेयर्स असोसिएशनने तर वेळापत्रक दुरुस्त करा ही एकच मागणी लावून धरली होती.

या कोंडीवरील उपाय अनपेक्षितपणे गवसला. २०२० मध्ये कोविड महामारीमुळे नेहमीचा हंगाम कोलमडला. निर्बंध शिथिल झाल्यावर आधी क्लबचे सामने उरकून घेण्यात आले आणि काउंटी स्पर्धा हिवाळ्यात घेण्यात आल्या. हर्लिंगचा अंतिम सामना १३ डिसेंबर रोजी व फुटबॉलचा १९ डिसेंबर रोजी झाला. क्लब आणि काउंटी यांचे हंगाम वेगळे ठेवता येतात, हे या आपत्तीने सिद्ध केले. फेब्रुवारी २०२१ च्या वार्षिक महासभेत विभाजित हंगामास मंजुरी मिळाली. आपला हेतू साध्य झाल्याचे मानून क्लब प्लेयर्स असोसिएशनने त्याच वर्षी स्वतःचे विसर्जन केले. काम पूर्ण होताच संस्था मोडण्याचे असे उदाहरण सार्वजनिक जीवनात विरळाच म्हणावे लागेल.

नव्या व्यवस्थेत वर्षाचा पूर्वार्ध काउंटीला आणि उत्तरार्ध क्लबला मिळाला. पूर्वी सप्टेंबरमध्ये होणारे अखिल आयर्लंड अंतिम सामने २०२२ पासून जुलैमध्ये होऊ लागले. क्रीडारसिकांत यावर दोन तट पडले. समर्थकांच्या मते, पहिल्यांदाच सामान्य क्लब खेळाडूस वर्षाचा आराखडा आखता येऊ लागला. टीकाकारांच्या मते, ऑगस्ट-सप्टेंबरमधील परंपरागत वैभव आणि नव्या पिढीचे लक्ष वेधण्याची संधी गमावली गेली. शिवाय काउंटी स्पर्धा थोड्या महिन्यांत कोंबल्यामुळे दुखापतीतून सावरण्यास अवधी उरत नाही, असाही आक्षेप घेतला जातो.

या आक्षेपात तथ्य आहे. २०२३ ते २०२५ या काळात फुटबॉलच्या अखिल आयर्लंड स्पर्धेत प्रत्येकी चार संघांचे चार गट होते आणि प्रत्येक गटातून तीन संघ पुढे जात. म्हणजे गटांतील २४ सामन्यांनंतर १६ पैकी केवळ चार संघ बाद होत. हंगाम लहान करायचा आणि सामने मात्र वाढवायचे, ही विसंगती यातून उघड होते. फेब्रुवारी २०२५ च्या महासभेने ही गटपद्धती २०२६ पासून रद्द करण्याचा निर्णय घेतला.

महिला खेळाडू

महिलांचे गेलिक खेळ दीर्घकाळ स्वतंत्र संघटनांकडे राहिले आहेत. कमोगी, म्हणजे महिलांचे हर्लिंग, १९०४ पासून, तर महिला फुटबॉल १९७४ पासून संघटित आहे. दोन्ही खेळ खेळणाऱ्या महिलेचे सामने एकाच दिवशी येण्याचे प्रसंग वारंवार उद्भवतात, कारण दोन संघटनांची वेळापत्रके वेगवेगळी आहेत. २०२३ मध्ये महिला काउंटी खेळाडूंनी किमान सोयींच्या सनदेसाठी जाहीर निषेध नोंदविला. मे २०२५ मध्ये कमोगीपटूंनी सक्तीच्या स्कॉर्टऐवजी शॉर्ट्स वापरण्याचा हक्क मिळविला. त्याआधी डब्लिन व किलकेनीच्या खेळाडू शॉर्ट्स घालून मैदानात उतरल्या असता त्यांना कपडे बदलावे लागले होते. तिन्ही संघटनांचे २०२७ पर्यंत एकीकरण करण्याचे उद्दिष्ट आहे. ते साध्य झाल्यास एका खेळाडूचा सर्व भार एकाच यंत्रणेस पाहता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, सामन्यांचे वेळापत्रक ही केवळ प्रशासकीय बाब नाही. एका तरुणाच्या वेळेवर कोणाचा किती अधिकार, हा त्यामागील मूलभूत प्रश्न आहे. विभाजित हंगामाने क्लब व काउंटी यांच्यातील वाटणी बऱ्याच अंशी सोडविली. परंतु काउंटी खेळाडूने आठवड्याला एकूण किती तास द्यावेत, या प्रश्नास त्याने हात घातलेला नाही. संघटनेने २०२४ मध्ये हौशी दर्जाच्या पुनर्विचारासाठी समिती नेमली, हे त्याचेच द्योतक होय.

व्यावसायिकता स्वीकारल्यास गाव, क्लब आणि खेळाडू यांचे नाते तुटण्याची भीती आहे. आजची व्यवस्था तशीच चालू ठेवल्यास हौस या गोड नावाखाली श्रमांचा अतिरेक होत राहील. यातून मार्ग काढावयाचा असेल तर पैशापेक्षा वेळेची मर्यादा ठरविणे आणि ती काटेकोरपणे पाळणे अगत्याचे आहे. व्यावसायिक खेळाडूस त्याचा करार संरक्षण देतो. हौशी खेळाडूस असे संरक्षण केवळ नियमच देऊ शकतात. म्हणून ज्या संघटनेला आपल्या हौशी परंपरेचा अभिमान आहे, तिच्यावर खेळाडूच्या विश्रांतीची, शिक्षणाची व आरोग्याची जबाबदारी अधिकच येते.