शाळेची वाट (भाग ६) : दार लागल्यानंतरची बस

शिरवणे गावठाणाच्या गल्ल्या अरुंद आहेत. एका अंगाला जुईनगर-नेरुळचे आखीव सेक्टर, दुसरीकडे औद्योगिक वसाहत आणि मधे एकमेकांना टेकून उभी घरं. शाळेची मोठी बस गल्लीत शिरत नाही, म्हणून मुलाला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला कुणीतरी जातं. कधी आजी, कधी रात्रपाळी करून नुकताच परतलेला बाप. बस येते, मूल चढतं, दार लागतं. तिथून शाळेच्या फाटकापर्यंत ते मूल ना घरच्यांच्या नजरेत असतं, ना वर्गातल्या बाईंच्या. या वेळात बसमध्ये एकाच माणसाचा शब्द चालतो. मुलं त्याला काका म्हणतात.

मागच्या भागांत बसचा वेग, तिचे ब्रेक आणि कंत्राट यांबद्दल लिहिलं. हा भाग त्या काकांच्या हातातल्या सत्तेबद्दल आहे.

शिरवण्याच्या शेजारीच नेरुळ. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या एका शाळेच्या बसचालकाला पोलिसांनी अटक केली. आरोप होता चार वर्षांच्या मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचा. संतापलेले पालक शाळेच्या दाराशी जमले. त्याआधी सहा महिने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुण्यातल्या वानवडीत शाळेच्या व्हॅनचा चालक पकडला गेला होता. तिथे आरोप सहा वर्षांच्या दोन मुलींवरील अत्याचाराचा होता. आरोपांचा निवाडा न्यायालय करेल. पण दोन्ही घटनांत मुलं रोजच्या, ओळखीच्या गाडीत होती आणि गाडी चालवणारा माणूसही त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता.

नेरुळच्या घटनेत पीडित मूल मुलगा होतं, हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. ज्या बसमध्ये मुली असतात, तिथे महिला सहायक हवी, असं ते नियम सांगतात. तरतूद चांगलीच आहे. मात्र तिच्यामुळे धोका फक्त मुलींना असतो, असा समज घट्ट होतो. चार वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही, मग तो मुलगा असो की मुलगी. प्रत्येक बसमध्ये, शेवटचं मूल उतरेपर्यंत, चालकाखेरीज दुसरं जबाबदार मोठं माणूस असायलाच हवं. अर्ध्या वाटेत उतरून घरी जाणाऱ्या ताईंचा उपयोग नाही. सर्वांत आधी चढणारं आणि सर्वांत शेवटी उतरणारं मूलच एकटं सापडतं.

बसच्या सुरक्षेचा इतिहास पाहिला, तर ही फट का राहिली ते कळतं. बसचा पिवळा रंग १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडातही बस इतरांना दिसावी, हा हेतू. आपल्याकडे १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत शाळेची बस वजीराबादच्या पुलावरून यमुनेत कोसळली आणि २८ मुलं गेली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगमर्यादा, चालकाचा अनुभव, सोबतचा सहायक अशा अटी घातल्या. या सगळ्याची मुळं अपघातात आहेत. बाहेरून येणारी धडक रोखायला हे नियम निघाले, आणि त्यांनी जीव वाचवले. पण आतल्या माणसाकडून होणारा छळ हा त्या नियमांचा मूळ विषयच नव्हता.

हा छळ दर वेळी लैंगिकच असतो असं नाही. दंगा केला म्हणून टपली मारणं, जागेवरून उठवून सगळ्या रस्ताभर उभं ठेवणं, ‘इथेच उतरवून देईन’ अशी धमकी देणं, एखाद्याला टोपणनाव ठेवून बाकीच्यांना हसायला लावणं. घरी याला शिस्त म्हणतात आणि सोडून देतात. इथेच चूक होते. गप्प बसायची सवय याच लहानसहान प्रसंगांत लागते. मग एक दिवस चॉकलेट येतं, पुढच्या सीटवर बसायचा मान मिळतो, मोबाइल हातात दिला जातो आणि ‘आईला सांगायचं नाही हं’ असं बजावलं जातं. काकांचं ऐकायचं, हे तर त्या मुलाला घरीच शिकवलेलं असतं.

कायदा मात्र याबाबत पुरेसा कडक आहे. २०१२ चा पॉक्सो कायदा विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या व्यक्तीने केलेला अत्याचार अधिक गंभीर मानतो. मूल बारा वर्षांखालील असेल, तरीही तसंच. अशा गुन्ह्यांत किमान शिक्षा पाच वर्षांची, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वांत गंभीर प्रकारात किमान वीस वर्षांची आहे. मारहाण आणि क्रूर वागणूक यांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. मुलांची जबाबदारी असलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने असं केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गाडं अडतं ते तक्रार पुढे जाण्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. आरोपी सफाई कर्मचारी होता, चालक नव्हे, पण शाळेची प्रतिक्रिया कशी असू नये हे त्या प्रकरणाने दाखवलं. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना ताटकळावं लागलं, २० ऑगस्टला लोक रेल्वेमार्गावर उतरले आणि पुढे माहिती दडवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने ते टाळलं, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘बस कंत्राटदाराची, आमचा संबंध नाही’ हे वाक्य शाळांच्या तोंडी फार सहज येतं. ते पालकांनी ऐकून घेऊ नये.

इथे चालकांच्या बाजूनेही बोलायला हवं. बहुतेक चालक मुलांना जपतात. कुणाचा डबा राहिला, कुणाला ताप आहे, हे त्यांना आईच्या आधी कळतं. पण कंत्राटी पद्धतीत माणूस अचानक बदलतो, सुट्टीवरच्या चालकाऐवजी कुणीतरी ‘बदली’ येतो आणि त्याची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे कुणीच विचारत नाही. चांगल्या चालकालाही सहायक आणि कॅमेरा यांचा आधारच होतो, कारण खोट्या संशयापासून तोही वाचतो.

२०११ च्या नियमांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती सांगितली आहे. तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो, वाहतूक पोलीस आणि आरटीओचेही प्रतिनिधी असतात. पण समितीआधी लक्ष घरच्यांचं हवं. मुलाने बसमध्ये चढायला अचानक नकार दिला, सकाळी पोटदुखी सुरू झाली, अंथरूण ओलं होऊ लागलं, तर त्याला दटावू नका. शांतपणे विचारा, ऐका आणि विश्वास ठेवा. अत्याचाराचा संशय असेल तर शाळेच्या बैठकीची वाट न पाहता १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. मुलाचा जबाब घरीही घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी तो घेते आणि पोलीस गणवेशात नसतात, त्यामुळे ठाण्याच्या भीतीने थांबू नका. आणि या आठवड्यात शाळेत गेलात, तर परिवहन समितीची मागची बैठक कधी झाली आणि तुमच्या मुलाच्या बसमध्ये शेवटच्या थांब्यापर्यंत कोण असतं, एवढं लेखी विचारा.